पाऊस थांबायची वाट बघू नका: केचिकन बंदरात पायी हिंडायचं तर

पोरगं नाहीतर पोरगी सिएटलला नोकरीला असली की आईबापांच्या दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या खेपेला अलास्काच्या क्रूझचा विषय निघतोच. लातूर, नांदेड, परभणीकडचे कितीतरी जण आता असे जाऊन येतात. हे लिहितोय ते त्या आईबापांसाठी. पोरांनी वाचलं तरी बिघडत नाही, तिकीट तेच काढणार आहेत.

या जहाजांचा एक ठरलेला थांबा म्हणजे केचिकन. अलास्काच्या आग्नेय टोकाकडं, रेव्हिलागिगेडो नावाच्या बेटावर, डोंगर आणि समुद्र यांच्या चिंचोळ्या पट्टीत बसलेलं आठेक हजार वस्तीचं गाव. बाहेरच्या जगाशी जोडणारा रस्ता नाही. विमानतळसुद्धा समोरच्या ग्रॅव्हिना बेटावर, तिथं जायचं तर फेरीबोटीनं. जहाज मात्र थेट गावाच्या मुख्य रस्त्याला लागतं. शिडी उतरलात की बाजारात. त्यामुळं सहलीचं तिकीट न काढता पायी हिंडायला या प्रवासात याच्यासारखं दुसरं बंदर नाही.

अडचण एकच, पाऊस. वर्षातले दोनशेहून जास्त दिवस तो पडतो.

आपल्याकडच्या माणसाची पावसातली सवय ठरलेली आहे. थेंब आले की हातातलं काम टाकायचं, जवळच्या पत्र्याखाली, वळचणीला उभं राहायचं, सर गेली की पुढं निघायचं. आपला पाऊस तसाच आहे. वळीव अर्धा तास झोडपतो आणि निघून जातो, मृगाची सर तासाभरात ओसरते. केचिकनला ही सवय घेऊन गेलात तर दिवसभर दुकानाच्या छपराखाली उभे राहाल आणि संध्याकाळी जहाजावर परत याल. जहाजावर तशी बरीच मंडळी दिसतात. दहा वाजता खिडकीशी बसून ‘जरा उघडू दे, मग निघू’ म्हणणारी माणसं जेवणाच्या वेळीही तिथंच बसलेली असतात.

तो उघडत नाही. पण तो आपल्यासारखा झोडपतही नाही. बहुतेक वेळा बारीक भुरभुर असते, मधूनच जोर धरते, पुन्हा बारीक होते. म्हणून पहिला नियम: जहाज लागलं की तासाभराच्या आत बाहेर पडायचं, पाऊस असो की नसो.

तिथला पाऊस, आकड्यात

माझी नोकरी महसूल खात्यातली. लातूर जिल्ह्यातल्या एका तहसिलात बरीच वर्षं पावसाची नोंद माझ्या टेबलावर होती. सकाळी साडेआठला पर्जन्यमापकातलं पाणी काचेच्या मापात ओतायचं, रेघ वाचायची, आकडा जिल्ह्याला कळवायचा. २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर गेला की अतिवृष्टी, मग पंचनामे. नाहीच पडला तर टंचाई, मग टँकर. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, ते दिवस मी त्याच टेबलावर काढलेत. त्यामुळं केचिकनला उतरल्यावर बाकीचे लोक हिऱ्यांच्या दुकानाकडं वळले आणि मी पर्जन्यमापकाकडं.

खरंच आहे तिथं एक. धक्क्याला लागूनच फ्रंट स्ट्रीटवर पर्यटक माहिती केंद्र आहे, त्याच्या भिंतीला माणसापेक्षा उंच पर्जन्यमापकाचं चित्र लावलंय. पावसाला हे लोक लाडानं ‘लिक्विड सनशाइन’ म्हणतात, तेच नाव या मापकाला दिलंय. त्यावर विक्रमी सालाची खूण आहे: १९४९, २०२.५५ इंच. मी तिथंच मोबाइलवर हिशोब केला. ५१४५ मिलिमीटर होतात. आपल्या मराठवाड्याची जून ते सप्टेंबरची सरासरी ६७९ मिलिमीटर धरतात. म्हणजे आपल्या साडेसात पावसाळ्यांचं पाणी या गावावर एका वर्षात पडलं. नेहमीच्या वर्षीसुद्धा दीडशे इंचांच्या आसपास पडतोच.

कारण साधं आहे. पॅसिफिक महासागरावरून येणारे ओले वारे किनाऱ्याच्या डोंगरांना अडतात, वर चढतात, थंड होतात आणि पाणी तिथंच सांडतात. सह्याद्रीवर हेच होतं. महाबळेश्वरला धो धो आणि आपल्याकडं येईस्तोवर ढग रिकामे, हा पर्जन्यछायेचा धडा आपण शाळेत घोकलाय. केचिकन त्या धड्यातल्या डोंगराच्या ओल्या बाजूला आहे, आपण कोरड्या बाजूला.

यातून प्रवासाच्या कामाची गोष्ट एवढीच: क्रूझचा हंगाम साधारण एप्रिलअखेर ते ऑक्टोबरपर्यंत असतो, त्यात जून-जुलै त्यातल्या त्यात कोरडे आणि ऑक्टोबर सगळ्यात ओला. पण सामन माशांची चढण, म्हणजे समुद्रातून ओढ्यात त्यांचं चढून येणं, बघायची असेल तर जुलैच्या शेवटापासून ऑगस्टअखेरपर्यंत जायला हवं. मला विचाराल तर थोडं जास्त भिजा, पण ऑगस्टमध्ये जा.

गावामागं डिअर माउंटन नावाचा तीन हजार फुटांचा डोंगर आहे. गावकरी गंमतीनं सांगतात, डोंगर दिसला तर समजावं पाऊस येणार, आणि दिसला नाही तर समजावं तो आलाय. आम्हाला तो दिसला नाही.

अंगावर काय आणि पिशवीत काय

छत्री नेऊ नका. नेलीत तर खोलीतच राहू द्या. पाऊस वाऱ्याबरोबर आडवा येतो, छत्री उलटी होते, आणि लाकडी फळ्यांच्या अरुंद वाटेवर समोरच्याच्या डोळ्यात तिची काडी जाते. गावातले लोक छत्री वापरताना फारसे दिसत नाहीत. टोपीचं जाकीट आणि पायात तपकिरी रबरी बूट, हा त्यांचा पोशाख. ‘एक्स्ट्राटफ’ कंपनीचे ते बूट तिथं इतके चालतात की त्यांना अलास्काचे कॅनव्हास बूट म्हणून चिडवतात. आपण चार तासांसाठी ते घ्यायची गरज नाही, पण पाणी आत न येणारे, तळाला चांगली नक्षी असलेले बूट हवेतच. आपल्याकडं मिळणारा प्लास्टिकचा रेनकोट पाऊस अडवतो आणि घाम आत कोंडतो, तासाभरात माणूस आतून ओला. पोरांना सांगून चांगलं जाकीट घ्या. तेच सिएटलला हिवाळ्यातही वापरता येतं.

सुती कपडे आणि जीन्स टाळा. एकदा भिजले की दिवसभर वाळत नाहीत आणि उन्हाळ्यातसुद्धा तिथं हवा बारा ते अठरा अंशांत असते, म्हणजे आपल्या माघातली सकाळ दिवसभर. आत थर्मल, वर पातळ लोकरीचं काहीतरी, त्यावर जाकीट. आमची ही आयुष्यभर साडीत वावरलेली. काठ ओला झाला की तो पायाला चिकटतो आणि जिन्यावर अडकतो, हे तिला जहाजाच्या डेकवरच कळलं. मग सुनेची ट्रॅकपँट घातली, वर जाकीट, डोक्याला स्कार्फ. फोटो गावाकडं पाठवायचे नाहीत या अटीवर.

चष्मा असणाऱ्यांसाठी एक युक्ती: जाकिटाच्या टोपीखाली पुढं छज्जा असलेली साधी कॅप घाला, क्रिकेटवाली. थेंब काचेवर येत नाहीत. याविना चष्म्याचा माणूस पावसात आंधळाच असतो.

पिशवीत मोज्यांचा एक कोरडा जोड, प्लास्टिकमध्ये गुंडाळून. मोबाइलसाठी झिपची पिशवी. गुडघ्याचा पट्टा वापरत असाल तर तो. काठी असेल तर तिच्या बुडाचं रबर निघायच्या आधी बघून घ्या. झिजलेलं असेल तर ओल्या लाकडावर ती काठीच तुम्हाला पाडेल. बीपीची, शुगरची गोळी खिशात. खाण्याचं म्हणाल तर जहाजावरची फळं, सँडविचेस बाहेर नेऊ देत नाहीत, बंद पुड्यातली बिस्किटं किंवा दाण्याचा लाडू अशा कोरड्या वस्तू चालतात.

आणि कागद. जहाजाचं कार्ड, सोबत फोटोचं ओळखपत्र. याशिवाय परत चढू देत नाहीत. व्हिसाचं काम मात्र तिकिटाच्या आधीचं आहे. अमेरिकेचा १८८६ चा एक जुना कायदा आहे, त्यामुळं परदेशी नोंदणीच्या जहाजाला सिएटलहून निघून सिएटललाच परतायचं तर मधे परदेशी बंदर घ्यावं लागतं. म्हणून ही जहाजं कॅनडात, बहुतेक वेळा व्हिक्टोरियाला थांबतात. भारतीय पासपोर्टवाल्याला त्यासाठी कॅनडाचा व्हिसा लागतो आणि अमेरिकेचा व्हिसा पुन्हा आत येऊ देणारा असावा लागतो. पोरं ग्रीन कार्डवाली असली की त्यांच्या हे ध्यानात राहत नाही. तुम्ही आठवण करा.

घड्याळ आणि धक्का

जहाज तुमची वाट बघत नाही. कंपनीची सहल घेतलेली बस उशिरा आली तर थांबतं, पायी हिंडणाऱ्यासाठी नाही. ‘सगळ्यांनी जहाजावर’ यायची वेळ सुटण्याच्या आधी साधारण अर्धा तास असते आणि ती शिडीजवळच्या फळ्यावर लिहिलेली असते. उतरताना त्या फळ्याचा फोटो काढा. अलास्काचं घड्याळ सिएटलच्या एक तास मागं आहे. मोबाइल आपोआप गावाची वेळ दाखवील, जहाज कधी स्वतःची वेळ पाळतं. जहाजाची वेळ दाखवणारं साधं मनगटी घड्याळ बांधा आणि त्यावरच चाला.

गावाला धक्के चार, एका रांगेत. एका दिवशी तीन-चार अवाढव्य जहाजं लागतात आणि पावसात सगळी सारखीच पांढरी दिसतात. आपला धक्का कितवा, हे पाठ करा. काही जहाजं मात्र गावात लागतच नाहीत, उत्तरेला अकरा किलोमीटरवर वॉर्ड कोव्ह म्हणून जुन्या कागद-लगद्याच्या कारखान्याची जागा आहे, तिथं लागतात. तिथून गावात आणणाऱ्या बसेस असतात, पण परतताना त्या बसला रांग लागते. तुमचं जहाज तिथं लागणार असेल तर हाताशी असलेल्या वेळातून तासभर सरळ वजा करा.

मोबाइल जहाजावर असताना एअरप्लेन मोडवर ठेवा. समुद्रावरच्या नेटवर्कचं बिल पोराच्या नावावर येतं आणि मग घरात बोलणी होतात. गावात उतरलं की अमेरिकेचं सिम व्यवस्थित चालतं.

आता चाला

सगळी फेरी जेमतेम तीन किलोमीटरची. तरुण माणूस तासात संपवील. तुम्ही साडेतीन तास धरा. आखणी अशी करायची की थोडं भिजायचं, मग छपराखाली काहीतरी बघायचं, पुन्हा भिजायचं. माहिती केंद्रात गावाचा पायी हिंडायचा नकाशा फुकट मिळतो. तिथली स्वच्छतागृहं स्वच्छ आहेत, निघण्यापूर्वी जाऊन या. पुढं थंडीनं दर तासाला आठवण होते.

बाहेर पडल्यावर मिशन स्ट्रीटवरची कमान लागते. केचिकन हे अलास्कातलं पहिलं गाव आणि जगाची सामन राजधानी, असं तिच्यावर लिहिलंय. दक्षिणेकडून येणाऱ्या जहाजाला पहिलं लागतं म्हणून पहिलं. फोटो काढा आणि पुढं व्हा. आजूबाजूची हिऱ्या-मोत्यांची दुकानं क्रूझच्या प्रवाशांसाठी आहेत, प्रत्येक बंदरात तीच दिसतील. आमच्या हिला आत शिरायचं होतं. मी तिला सराफा लाइनीची आठवण दिली, ती म्हणाली तिथं तरी कुठं नेता. असो.

दोन-तीन मिनिटांत व्हेल पार्क नावाचा छोटा चौक आणि त्यात एक उंच रंगीत टोटेम खांब, म्हणजे मूळनिवाशांच्या पद्धतीनं कोरलेला लाकडी खांब. त्याच्यापुढं स्टेडमन स्ट्रीटचा पूल. इथं थांबायचं. घाई करू नका.

पुलाखालून केचिकन क्रीक समुद्राला मिळते. हे गाव या ओढ्यामुळंच इथं आहे. मूळचे त्लिंगित लोक उन्हाळ्यात याच्या काठी मासेमारीला यायचे, मग गोऱ्यांनी मासे डबाबंद करायचे कारखाने टाकले, १९०० साली गावाला नगराचा दर्जा मिळाला. ऑगस्टमध्ये पुलावरून खाली बघितलंत तर पाणी काळं दिसतं. नीट बघा, तो तळ नाही, ते मासे आहेत. शेकड्यांनी, एकाच दिशेला तोंड करून, प्रवाहाच्या उलट. मधेच एखादा सील डोकं वर काढतो आणि एक उचलून नेतो. झाडावर पांढऱ्या डोक्याचे गरुड बसलेले असतात. पुलाच्या कठड्याला टेकून पोरं गळ टाकतात.

सामन मासा ओढ्याच्या गोड्या पाण्यात जन्मतो, समुद्रात जाऊन मोठा होतो आणि अंडी घालायला परत त्याच ओढ्यात येतो. गोड्या पाण्यात शिरला की खाणं बंद. अंडी घातली की मरतो. मेलेल्या माशांचं पुढं खत होतं, काठची झाडं त्यावर वाढतात. ऑगस्टच्या उत्तरार्धात त्या सगळ्याचा वास येतो, तोही भरपूर. आमची ही माळकरी. स्कार्फ नाकाला लावून पंधरा मिनिटं उभी राहिली आणि हलायला तयार होईना. ‘पोटात कण नाही आणि चढाला लागलेत,’ एवढंच म्हणाली. ती दर आषाढीला पायी जाते.

पुलापलीकडं स्टेडमन स्ट्रीटचा भाग जुना आहे. मासे डबाबंद करणाऱ्या कारखान्यांत काम करायला फिलिपिनो, जपानी, चिनी मजूर यायचे, त्यांची दुकानं, खानावळी, घरं इथं होती. हंगामाला यायचं, हंगाम सरला की परत. बीड-धारूरकडच्या वाचकाला यातलं पुढचं सांगायला नको. फिलिपिनो कुटुंबं पुढं इथंच राहिली, आजही गावात त्यांची संख्या मोठी आहे. जपानी कुटुंबांना १९४२ मध्ये, युद्धाच्या काळात, उचलून छावण्यांत नेलं. भिंतीवरच्या पाट्यांवर हा इतिहास लिहिलाय, पोराकडून वाचून घ्या. समोर थॉमस बेसिन, मासेमारीच्या होड्यांचं छोटं बंदर. जोराची सर आली नसेल तर तिथल्या धक्क्यावर एक चक्कर मारा, आली असेल तर लांबूनच बघा.

आता क्रीक स्ट्रीट. नाव रस्त्याचं, पण जमीन नाही. ओढ्यावर लाकडी खांब रोवलेत, त्यावर फळ्या आणि फळ्यांच्या कडेला रंगीत घरं. काठाला उभा खडक, बांधायला जागाच नव्हती, म्हणून हा उद्योग. गावात असे कितीतरी रस्ते आहेत जे नकाशावर रस्ते आणि प्रत्यक्षात लाकडी जिने. पावसात या फळ्या गुळगुळीत होतात. पाऊल सपाट टाका, टाच आधी नको, कठड्याच्या बाजूनं चला, फोटो काढायचा तर आधी थांबा. चालत चालत फोटो काढणारे तिथं पडतात.

आज तिथं भेटवस्तूंची दुकानं आहेत. पूर्वी ही वस्ती निराळी होती. १९०३ मध्ये गावकारभाऱ्यांनी वेश्याव्यवसायाला ओढ्यापलीकडं घालवलं ते इथं, आणि १९५४ पर्यंत तो चालू होता. २४ नंबरच्या घरात डॉली आर्थर नावाची बाई राहायची, तिचं घर आता तिकीट लावून संग्रहालय म्हणून दाखवतात. घरांच्या मागून टेकडीवर एक झाडीतली पायवाट जाते, तिचं नाव ‘विवाहितांची वाट’. कुणाच्या नजरेस न पडता यायची-जायची सोय. दुकानदार हे मोठ्यानं आणि हसत हसत सांगतात. सूनबाई बरोबर असेल तर तुम्ही तेवढ्यात गरुडाकडं बघा.

ज्यांचे गुडघे चांगले आहेत त्यांनी ती वाट वर घ्यावी. झाडं इतकी ओली की खोडांवरचं शेवाळ हाताला स्पंजासारखं लागतं. चारी बाजूंनी टोंगास अरण्य आहे, अमेरिकेतलं सगळ्यात मोठं राष्ट्रीय वन, त्याचा हा गावात शिरलेला कोपरा समजा. ज्यांना चढ नको त्यांच्यासाठी क्रीक स्ट्रीटवरून वरच्या केप फॉक्स लॉजपर्यंत रुळावरचा छोटा पाळणा आहे. वरती हॉटेलात कोरडी खुर्ची मिळते, अंगणात टोटेम खांबांचा गोल आहे आणि ढग सरकले तर सगळं बंदर दिसतं. आम्ही तिथं चहा मागितला. चाय लाटे नावाचं जे मिळतं ते गोड आणि मसाल्याचं असतं, त्यात चहा शोधावा लागतो. साधा ब्लॅक टी आणि वेगळं दूध मागा. कॉफी मात्र चांगली असते.

खाली उतरून ओढ्याच्या कडेनं पार्क अव्हेन्यूनं वर चाललात की थोड्याच अंतरावर धबधब्याचा आवाज येतो. त्याच्या बाजूला सिमेंटचे टप्पे बांधलेत, सामन माशांना चढायला. त्याला माशांचा जिना म्हणतात. पण बरेच मासे जिन्याकडं ढुंकून बघत नाहीत. सरळ धबधब्यावर उड्या मारतात, आपटतात, खाली येतात, पुन्हा उडी. दोन्ही वाटा डोळ्यासमोर आहेत आणि बांधलेली सोडून अवघड घेणारे एवढे, हे बघत मी बराच वेळ उभा होतो. तेव्हा पाऊस पडत होता की नाही, मला सांगता येणार नाही.

टोटेम बघताना

याच रस्त्यानं पुढं गेलं की सिटी पार्क आणि त्याच्याजवळ टोटेम हेरिटेज सेंटर. तिकीट आहे. पैसे द्या आणि आत जा, फेरीतली बाकी कुठलीही जागा वेळ कमी म्हणून गाळली तरी ही गाळू नका. अंग कोरडं करायचा तासही इथंच मिळतो.

गावभर जे रंगवलेले खांब दिसतात ते बहुतेक नवे किंवा जुन्यांच्या प्रतिकृती. या इमारतीत मात्र एकोणिसाव्या शतकातले मूळ खांब आहेत. त्लिंगित आणि हायडा लोकांनी सोडून दिलेल्या गावांत ते उभे होते, कोसळत होते. १९७० च्या सुमाराला त्यांच्या वडीलधाऱ्यांच्या संमतीनं ते इथं आणले आणि १९७६ मध्ये हे केंद्र सुरू झालं. रंग दिलेला नाही, डागडुजी करून नवे केलेले नाहीत. लाल देवदाराचं राखाडी झालेलं लाकूड, कुठं डोळा उरलाय, कुठं चोच.

आपल्या माणसाचे हात इथं आपोआप जोडले जातात. जोडू नका. हे देव नाहीत, यांची पूजा कुणी करत नव्हतं. खांबावरचा कावळा, गरुड, लांडगा, अस्वल ही कुळांची चिन्हं. कुणी मेल्यावर त्याच्या स्मरणार्थ खांब उभारायचे, कुणाचा मान म्हणून, कधी एखादी गोष्ट सांगण्यासाठी. आपल्याकडं गावाबाहेर पिंपळाखाली वीरगळ उभे असतात, त्यांच्या जवळचं हे प्रकरण. फरक एवढाच की आपला दगड आणि त्यांचं लाकूड. लाकूड शे-दीडशे वर्षांत या पावसात कुजायचंच, आणि पूर्वी ते कुजू देणंच रीत होतं. खांबाला हात लावू नका आणि फोटोबद्दल आधी विचारा.

बाहेर, क्रीक स्ट्रीटच्या तोंडाशी, चीफ जॉन्सन यांचा खांब आहे. मूळ खांब १९०१ चा, तो या केंद्रात आहे, बाहेर उभा आहे तो १९८९ मध्ये नव्यानं कोरलेला. त्यावर कावळा आणि धुक्याची बाई यांची गोष्ट आहे. या बाईनं पहिले सामन मासे आणले आणि कावळ्यानं तिला दुखावल्यावर ती निघून गेली, मासेही तिच्यामागं गेले. तेव्हापासून ते दरवर्षी ओढ्यांत परत येतात. केंद्रातून परतताना तो खांब बघा, आधी नको. माहिती नसताना तो नुसता रंगीत खांब असतो.

चार किलोमीटरवर सॅक्समन नावाचं मूळनिवाशांचं गाव आहे, तिथं टोटेमची मोठी बाग आणि खांब कोरायची कार्यशाळा आहे. शहर बस जाते. वेळ सहा तासांहून जास्त असेल तरच तिकडं वळा. पायी जाऊ नका, भर पावसात हमरस्त्याच्या कडेनं चालण्यात काही नाही.

परतीला डिअरमाउंट स्ट्रीटनं उतरलं की स्टेडमन स्ट्रीट आणि तिथून सरळ धक्का. पाय थकले असतील तर उन्हाळ्याच्या हंगामात गावातून फुकट शटल बस फिरते, तिचा थांबा केंद्राजवळच असतो. सुटण्याच्या आधी दीड तास तरी धक्क्याकडं तोंड करा, कारण शेवटच्या अर्ध्या तासात तीन जहाजांची माणसं एकदम शिडीकडं येतात आणि ती रांग उघड्यावर असते. दिवसभर कोरडं राहिलेलं माणूस त्या रांगेत भिजतं.

खोलीत आल्यावर सगळ्यात आधी बूट. आतला सुटा तळवा काढून वेगळा ठेवा, बुटात कागदाचे बोळे भरा आणि तासाभरानं बोळे बदला. जहाजावर रोज कार्यक्रमाचा कागद मिळत असेल तर तो टाकून देऊ नका. न्हाणीघरात भिंतीतून ओढून काढायची एक दोरी असते, बहुतेकांना ती दिसत नाही, मोजे तिच्यावर टाका. जाकीट कपाटात कोंडू नका, दाराच्या खुंटीला उघडं टांगा. दुसऱ्या दिवशी बहुतेक जुनो बंदर असतं, आणि पावसाच्या बाबतीत तेही काही कमी नाही.